पवनाकाठची गिटार

पुण्याच्या वायव्येला तीन पिंपळे आहेत. पिंपळे निलख, पिंपळे सौदागर आणि पिंपळे गुरव. त्यामुळे तिकडे जाणाऱ्याने रिक्षात बसताना नुसते 'पिंपळे' म्हणून चालत नाही. रिक्षावाला मान मागे वळवून विचारतो, "कंचं?" आणि आपण 'गुरव' म्हटले की मगच गाडी सुरू होते.

गुरव हा शब्द मराठी माणसाला समजावून सांगायला नको. गावगाड्यातला हा देवळाचा माणूस. देवाला न्हाऊ घालायचे, बेलपत्री पुरवायची आणि देवापुढे वाजवायचे, ही त्याची कामे. सनई, चौघडा, संबळ ह्यांच्याशी त्याचा जन्माचा संबंध. मृदंगाचा हात तर गुरवांच्या कित्येक घरांत बापाकडून मुलाकडे आला. तेव्हा ज्या गावाच्या नावातच एक वाजवणारा माणूस बसला आहे, तिथे एखादे वाद्य तयार होत असेल तर ते गावाच्या नावाला शोभण्यासारखेच म्हणायचे. वाद्य मात्र निराळे. पिंपळे गुरवात माझे मावसभाऊ अण्णा आपल्या घराच्या गच्चीवर, पत्र्याच्या छपराखाली, विजेवर वाजणारी गिटार करीत होते. ती पाहण्यासाठी मी ह्या वर्षात तिकडे तीन वेळा गेलो आणि मध्ये एकदा तिच्यापायी मिरजेलाही जाऊन आलो.

जाणे आता फार सोपे झाले आहे. पूर्वी शिवाजीनगरहून लोणावळ्याची लोकल धरायची आणि दापोडीला उतरायचे. २०२३ सालापासून सिव्हिल कोर्टाच्या स्टेशनात मेट्रोत बसले की खडकी, बोपोडी मागे टाकीत आपण दापोडीला येतो. तिथून पवनेवरचा पूल ओलांडला की पलीकडच्या काठाला पिंपळे गुरव. मी पहिल्यांदा गेलो तो वैशाख होता. नदीत पाणी दिसत नव्हते, जलपर्णीचा हिरवा गालिचा तेवढा दिसत होता. पुढे बागेत डायनासोर उभा होता! राजमाता जिजाऊ उद्यान हे त्या बागेचे खरे नाव, पण गावातली मुले तिला डायनासोरची बाग म्हणतात आणि पाहुण्यांनाही खूण तीच सांगतात.

ह्या गावात कारखान्यांची धुराडी दिसत नाहीत. कारखान्यांत जाणारी माणसे मात्र घरोघर आहेत. १९५४ साली पिंपरीला पेनिसिलीनचा सरकारी कारखाना स्थापन झाला. मग साठीच्या दशकात आकुर्डीला स्कूटरी होऊ लागल्या, पिंपरीला मालमोटारींचा मोठा कारखाना आला, भोसरीच्या माळावर लहान लहान शेडी उभ्या राहिल्या. सातारा, सांगली, सोलापूर, मराठवाडा अशा सगळ्या बाजूंनी माणसे आली. १९८२ साली पिंपरी-चिंचवडची महानगरपालिका झाली. त्या माणसांनी पै-पै साठवून नदीच्या ह्या काठाला अर्धा गुंठा, एक गुंठा जागा घेतली आणि वर्षाला एक खोली ह्या वेगाने घरे बांधली. अण्णांचे घर त्यांतलेच. ते मिरजेचे. आय. टी. आय. करून १९७८ साली इकडे आले आणि पिंपरीच्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये फिटर म्हणून चिकटले, ते २०१७ साली निवृत्त होऊनच बाहेर पडले.

टूलरूम म्हणजे काय, हे ज्यांनी पाहिले नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगतो. कारखान्यात एकसारखे हजारो भाग निघतात, ते ज्या साच्यांवर आणि ठोकळ्यांवर निघतात ते साचे-ठोकळे करण्याची ती जागा. तिथला फिटर कानस चालवतो ती मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या हिशेबाने. अण्णांच्या बोटांत ही विद्या उतरली होती. पण त्यांच्या निवृत्तीच्या आधीच ती कामे संगणकावर चालणाऱ्या यंत्रांकडे गेली होती. अण्णांनी कानशी, व्हर्नियर, मायक्रोमीटर तेलात बुडवलेल्या फडक्यात गुंडाळून ट्रंकेत ठेवले. चिरंजीव हिंजवडीला संगणकाच्या कचेरीत. त्याला व्हर्नियर कशाशी खातात हे ठाऊक नाही. भंगारवाला दारावरून गेला की ट्रंक त्याला देऊन टाकावी की काय, असे अण्णा म्हणत, आणि वहिनी तो विषय कसाबसा टाळीत.

ट्रंक उघडली ती चिरंजीवांच्या डाव्या हाताने. मुलगा डावखुरा. लहानपणी जेवताना त्याचा डावा हात ताटात गेला की अण्णा त्यावर चापट मारीत. लिहायलाही त्यांनी त्याला उजव्या हाताने लावले, आणि त्याने ते मुकाट्याने शिकून घेतले. पण कॉलेजात त्याने मित्राची गिटार हातात घेतली तेव्हा ती उलटीच धरली. आता गिटार ही गोष्ट अशी की उजव्या माणसासाठी तारा छेडायच्या त्या उजव्या हाताने आणि पडदे दाबायचे ते डाव्याने. डावखुऱ्याला सगळेच उलटे हवे. दुकानात डावखुरी गिटार क्वचित असते, असली तर महाग असते आणि मनाजोगी नसते. अमेरिकेतला जिमी हेंड्रिक्स हा जगप्रसिद्ध वादक डावखुरा होता. तो उजव्या हाताची गिटारच उलटी करून, तारा बदलून वाजवी. चिरंजीवांनीही काही वर्षे तेच केले. वाजायची, पण खटके दंडाला टोचायचे आणि वरचे पडदे हाताला यायचे नाहीत.

एके रविवारी अण्णांनी ती उलटी गिटार हातात घेतली, डोळ्यासमोर आडवी धरली, दांडीवरून नजर टाकली आणि म्हणाले, "ही दांडी वाकलीय. कुणी केली ही?" बस्स, तिथून सुरुवात झाली.

विजेच्या गिटारीत मोठेसे गूढ नाही. सतारीला भोपळा असतो, साध्या गिटारीला पोकळ पेटी असते. तार हलते, पेटी घुमते आणि आवाज मोठा होतो. विजेच्या गिटारीला पेटी लागतच नाही. तिचे अंग भरीव लाकडाचे. पोलादी तारांच्या खाली लोहचुंबक, आणि चुंबकाभोवती तांब्याच्या तारेची गुंडाळी. वरची तार थरथरली की चुंबकाचे क्षेत्र हलते आणि गुंडाळीत विजेची अगदी क्षीण लहर उठते. ती वायरीतून वर्धकाकडे जाते आणि तिथे मोठी होते. शाळेत फॅरेडेचा नियम आपण सगळेच शिकलो. इथे तोच नियम गाऊ लागतो, इतकेच.

मला जास्त नवल वाटले ते हे वाद्य कुणी केले ह्याचे. अमेरिकेत १९३२ च्या सुमारास जी पहिली विजेची गिटार बाजारात आली ती ॲल्युमिनियमची होती. तिचा आकार तव्यासारखा, म्हणून लोक तिला तळणीचा तवाच म्हणत. ती ज्याच्या कारखान्यात झाली तो रिकनबॅकर हा धातूचे पत्रे ठोकून भाग काढणारा कारखानदार. पुढे १९५० साली भरीव लाकडाची गिटार ज्याने घाऊक प्रमाणावर विकायला काढली तो लिओ फेंडर हा कॅलिफोर्नियातला रेडिओ दुरुस्त करणारा. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती! त्याने दांडी अंगाला सरसाने न चिकटवता चार स्क्रूंनी बसवली. बिघडली तर काढा, दुसरी लावा. हे ऐकून अण्णा खूष झाले. "हा माणूस आपल्यातला आहे," ते म्हणाले. "ह्याला मेंटेनन्स कळतो."

आणि घरी केलेल्या गिटारींत सर्वांत नावाजलेली गिटार तर बापलेकांनीच केलेली आहे. १९६३ साली लंडनजवळच्या फेल्टम गावात ब्रायन मे नावाच्या शाळकरी मुलाने आणि त्याच्या वडिलांनी ती करायला घेतली. विकत घेण्याइतके पैसे नव्हते. दांडीला शेकोटीवरच्या जुन्या फळीचे महोगनी लाकूड, कंप देणाऱ्या दांड्याला मोटारसायकलच्या स्प्रिंगा, त्याच्या टोकाला आईच्या विणकामाच्या सुईचे टोक, पडद्यांमधल्या खुणांना आईच्या डब्यातली शिंपल्याची बटणे! सगळा खर्च आठ पौंड. पुढे हा मुलगा 'क्वीन' ह्या जगभर गाजलेल्या वृंदाचा वादक झाला आणि २००२ साली राणीच्या राजवाड्याच्या गच्चीवर उभा राहून त्याने तीच गिटार वाजवली. ह्याच वृंदाचा गायक फ्रेडी मर्क्युरी आपल्या पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकला, हेही जाता जाता सांगून टाकतो.

अण्णांच्या घरी शेकोटी कुठली? पण मिरजेचे घर होते. भावांची वाटणी झाली, जुने घर उतरवले आणि अण्णांच्या वाट्याला सागवानाची एक तुळई आली. शंभरावर वर्षे छपराचा भार वाहिलेली. ती आणायला जायचे ठरले तेव्हा मीही निघालो. कोयना एक्स्प्रेसने जेजुरी, नीरा, सातारा, कराड करीत गेलो. किर्लोस्करवाडी आली तेव्हा अण्णा खिडकीशी सरकून बसले. नांगर करणाऱ्या कारखान्याभोवती १९१० साली वसलेल्या त्या गावाकडे त्यांच्या जातीच्या माणसांनी नमस्कार केल्यासारखे पाहावे हे योग्यच.

मिरजेत तुळई वखारीत कापायला टाकली आणि अण्णा मला सतारमेकर गल्लीत घेऊन गेले. लहानपणी शाळेची वाट तिथूनच जात असे. ह्या गल्लीची कथा मोठी बोधप्रद आहे. सतारमेकरांचे पूर्वज शिकलगार. तलवारी, भाले, कट्यारी घासून धार लावणे हा त्यांचा धंदा. इंग्रजी अंमल आला, संस्थानिकांच्या तलवारी म्यानात गेल्या आणि शिकलगारांच्या हातांना काम उरले नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास फरीदसाहेब ह्या शिकलगाराने तंबोरा दुरुस्त करता करता तंबोरा करायला घेतला. पटवर्धन संस्थानिकांचा आश्रय होता, गावात गवई येत-जात होते. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांपाशी विष्णु दिगंबर पलुस्कर शिकले ते इथेच, आणि अब्दुल करीमखाँसाहेबांनी घर केले तेही इथेच. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे भोपळे, तुणीचे लाकूड आणि धार लावणारे हात, एवढ्यांतून मिरजेचा तंबोरा झाला. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला सरकारी भौगोलिक मानांकनही मिळाले.

एका ओट्यावर एक म्हातारे कारागीर तंबोऱ्याच्या घोडीची जवारी काढीत बसले होते. कानस एकदा हलकेच फिरवायची, तार छेडायची, कान लावायचा, पुन्हा कानस. अण्णा उभ्याउभ्या पंधरा मिनिटे पाहत राहिले. मग न राहवून विचारले, "किती काढता हो एका वेळी?" म्हातारबुवा म्हणाले, "किती म्हणजे? आवाज मोकळा होईस्तवर." अण्णांनी आपला बेत सांगितला. भोपळा नाही, पेटी नाही, भरीव सागवान. म्हातारबुवांना पटले नाही. "मग आवाज राहतो कुठं?" "तारेत," अण्णा म्हणाले, "आणि वायरीत." म्हातारबुवा हसले. पण वखारीतून आणलेला तुकडा त्यांनी हातात घेतला, कानाजवळ धरून बोटाने टिचकी मारली आणि म्हणाले, "घराचं लाकूड आहे. वाळायचं तेवढं वाळलंय. पावसाळाभर सावलीत उभं ठेवा, घाई करू नका." परतीच्या गाडीत अण्णा बराच वेळ गप्प होते. पुढे कराड गेल्यावर म्हणाले, "तलवार गेली तर त्यांनी हत्यारं भंगारात नाही दिली."

दुसऱ्यांदा गेलो तेव्हा श्रावण लागला होता. पवना दुथडी भरून वाहत होती, जलपर्णी कुठे वाहून गेली कोण जाणे. गच्चीवर तीन फळ्या शेजारी शेजारी चिकटवून साडेचार सेंटिमीटर जाडीचे अंग तयार झाले होते. सागवान तेलकट, त्यावर सरस धरत नाही, म्हणून चिकटवण्याआधी थिनरने पुसून घेतले होते. दांडीही त्याच तुळईची, तिच्यावर शिसवीची पट्टी. सहा तारा ताणल्या की दांडीवर सुमारे पंचेचाळीस किलोंची ओढ बसते. म्हणून दांडीच्या पोटात पोलादी सळई घालतात आणि तिचा नट पिळून वाक काढतात. बाजारात ही सळई तयार मिळते. अण्णांनी ती घरी केली, आटे स्वतः पाडले. खुंट्या, तारा आणि पडद्यांची तार मात्र मुंबईहून मागवली होती.

खरी मजा पडद्यांची. सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले. सूर हलला तर पडदा सरकवता येतो, कान सांगेल तिथे. गिटारीचा पडदा लाकडात कायमचा ठोकायचा. तेव्हा कानाआधी गणित लागते. तारेची लांबी ६४८ मिलिमीटर. तिला १७.८१७ ने भागायचे. उत्तर ३६.३७, म्हणजे डोक्याकडच्या हाडाच्या पट्टीपासून इतक्या मिलिमीटरवर पहिला पडदा. उरलेल्या लांबीला पुन्हा त्याच आकड्याने भागायचे, की दुसरा. असे करीत बाराव्या पडद्याला आलात की तुम्ही बरोबर ३२४ वर, निम्म्यावर असता आणि सूर एक सप्तक वर गेलेला असतो. चिरंजीवांनी बावीस आकड्यांचा तक्ता संगणकावर क्षणात काढला आणि एकापासून दुसरा असे अंतर मोजून खुणा करायला बसले. अण्णांनी पेन्सिल काढून घेतली.

"प्रत्येक वेळी केसभर चुकलास तर बाविसाव्याला किती चुकशील? सगळी मापं एकाच टोकापासून घ्यायची. हे पहिल्या दिवशी शिकवतात."

"मला कुणी शिकवलं नाही," मुलगा म्हणाला.

"तू विचारलं नाहीस."

"तुम्ही बोलावलं नाहीत, अण्णा."

दोघेही खाली मान घालून कामाला लागले. त्या दुपारी मुलाने पहिल्यांदा व्हर्नियर हातात धरला. तो कसा वाचायचा हे अण्णा सांगत होते आणि मी गच्चीच्या कठड्याशी उभा राहून नदीकडे पाहत होतो, कारण त्या वेळी तिथे माझे काही काम नव्हते.

दांडीचा मागचा गोल मात्र गणिताने ठरत नाही. तो वाजवणाऱ्याच्या मुठीवर ठरतो, आणि घरी गिटार करण्याचा खरा लाभ तोच. अण्णा कानस फिरवीत आणि मुलाच्या हातात दांडी देत. डावखुऱ्याचा पडदे दाबणारा हात उजवा. म्हणजे ज्या हाताला चापट्या मारून लिहायला शिकवले, त्याच हाताच्या मापाने आता बाप लाकूड घासत होता. ही गोष्ट दोघांच्याही ध्यानात आली असावी. अण्णा एकदाच म्हणाले, "उजव्याला मी शिकवलं, डावा तू सांभाळलास. आता दोघांनाही काम मिळालं." मुलाने दांडी परत देत सांगितले, "अंगठ्याजवळ अजून थोडं."

चुंबकाची गुंडाळी हे सगळ्यांत नाजूक प्रकरण. एका गुंडाळीला तांब्याच्या तारेचे सात-आठ हजार वेढे लागतात आणि ती तार केसाहून बारीक. मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात नेहमी मिळते ती हिच्यापुढे सुतळी. अण्णांच्या जाड बोटांत ती तीन वेळा तुटली, एकदा तर पाच हजारांवर येऊन. शेवटी वहिनींनी पदर खोचला. त्यांनी वीस वर्षे घरी शिवणकाम केले आहे. त्यांच्या शिलाई मशीनच्या मोटारीला अण्णांनी एक छोटी फिरकी जोडली, वेढे मोजायला आकड्यांचे यंत्र लावले. वहिनी पायाने वेग आवरीत, दोन बोटांत तार धरून, टीव्हीवरची मालिका ऐकत ऐकत गुंडाळू लागल्या. सात हजार आठशे वेढे, एकदाही तार न तुटता! मापून पाहिले तर रोध सहा हजार ओहमच्या जवळपास, म्हणजे हवा तितकाच. मग ती गुंडाळी वितळलेल्या मेणात बुडवली. नाहीतर मोठ्या आवाजात सैल वेढे शिट्टी घालतात. "दोऱ्याचं रीळ भरायचं तसंच आहे, भाऊजी," वहिनी मला म्हणाल्या. "ह्यांना उगीच मोठं वाटत होतं."

गणपती गेले, आणि गिटार तयार झाल्याचा निरोप आला. स्पिरिटात विरघळवलेल्या चपडीचे हात देऊन सागवान मधासारखे झळकत होते. अंगावर एका बाजूला जुन्या खिळ्याचे काळे भोक तसेच ठेवले होते. मिरजेच्या घरात तिथे कंदील टांगीत असत. मुलाने तारा चढवल्या, लहानसा वर्धक जोडला आणि खालपासून वरपर्यंत एकेक पडदा वाजवीत गेला. चौदाव्या पडद्यावर तार किंचित किरकिरली. मला ती कळलीही नाही. मुलाने मान हलवली. अण्णांनी पट्टी ठेवून पाहिले, फट दिसेना. मग त्यांनी व्हर्नियर बाजूला ठेवला, कानस घेतली, पडद्यावरून एकदाच हलकेच फिरवली आणि मुलाकडे पाहिले. मुलाने तार छेडली. पुन्हा कानस, पुन्हा तार. मिरजेच्या त्या ओट्यावर एकाच माणसाचा हात आणि कान चालत होते. इथे हात बापाचा होता आणि कान मुलाचा. चौथ्या खेपेला मुलगा म्हणाला, "मोकळा झाला."

मग त्याने तासभर वाजवले. संगीतातले मला फारसे कळत नाही, पण शेजारच्या गच्चीवर वाळवण काढायला आलेल्या बाई वाळवण न काढता उभ्या राहिल्या, एवढे मी पाहिले. अण्णा ऐकत होते की पडदे तपासत होते, हे सांगणे कठीण. वाजवून झाल्यावर त्यांनी गिटार उलटी केली. दांडी जिथे अंगाला जोडली आहे तिथल्या पोलादी पट्टीवर ठोकलेला आकडा मला दाखवला. टूलरूममध्ये प्रत्येक ठोकळ्यावर ठोकायचे तसा, त्याच पंचांनी. ०१.

मी विचारले, "अण्णा, एकाच्या आधी शून्य कशाला?"

"दहाच्या वर गेलं तर?" ते म्हणाले. तुळईच्या उरलेल्या फळ्या त्यांनी कोपऱ्यात सावलीत उभ्या करून ठेवल्याच होत्या.

आतून वहिनींचा आवाज आला, "दहाच्या वर जायचं असेल तर मोटार दुसरी आणा म्हणावं. माझं मशीन मला दिवाळीच्या आधी परत हवंय."